आमवातात तोल का जातो, आणि पडणं कसं टाळायचं

साठी उलटली की घरातले सगळे ‘जपून चाला’ म्हणू लागतात. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, झालेल्या चाळिशीतल्या बाईला मात्र हे सहसा कुणी सांगत नाही. वायव्य इंग्लंडमध्ये आमवाताच्या ५५९ रुग्णांची वर्षभर नोंद ठेवली गेली होती. साधारण तिघांमागे एक जण त्या वर्षात एकदा तरी पडला, आणि या पडण्याचा संबंध वयाशी लागला नाही, बाई की पुरुष याच्याशीही नाही. तो लागला चार गोष्टींशी: आधी अनेकदा पडलेलं असणं, पायांचे सुजलेले-दुखरे सांधे, मन आणि झोपेवर काम करणारी औषधं, आणि थकवा. पहिली गोष्ट बदलता येत नाही, पण उरलेल्या तिन्हींवर काम करता येतं.

आणखी एक अडचण आहे. पडणं टाळण्याचे नेहमीचे सल्ले हात धडधाकट आहेत असं धरून चालतात. कठडा घट्ट पकडा, काठीवर भार द्या, हात टेकून उठा. आमवातात मनगट आणि बोटांची मुळंच आधी धरतात, त्यामुळे हे सल्ले जसेच्या तसे चालत नाहीत. खाली जे दिलं आहे ते अशा हातांचा विचार करून दिलं आहे.

तोल बिघडतो कुठे

सुरुवात बहुतेकदा चवड्यापासून होते. बोटांच्या मुळाशी असलेले सांधे सुजतात, अंगठा शेजारच्या बोटांकडे कलतो, बाकीची बोटं वाकडी होऊन वर उचलली जातात आणि चवड्याखालची चरबीची नैसर्गिक गादी पुढे सरकते. चपलेत खडा गेल्यासारखं टोचायला लागतं. मग माणूस चवड्यावर भार द्यायचं टाळतो, टाचेवर चालतो, पाऊल आखूड टाकतो आणि उचलतही कमी. बोटं जमिनीला टेकत नसल्यामुळे पुढे झोक गेला तर सावरायला काही उरत नाही. घरातला दोन सेंटिमीटरचा उंबरठा अशा पावलाला पुरतो.

त्यावर घोटा. घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारा, तळपायाची कमान उचलून धरणारा स्नायुबंध सुजून ढिला झाला की कमान बसते आणि घोटा आत कलतो. एका पायावर उभं राहणं अवघड जाऊ लागतं. आणि चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर असतो.

गुडघ्याचं गणित वेगळं आहे. गुडघ्यात पाणी साठलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा मज्जासंदेश आपोआप मंदावतो, स्नायू चांगला असला तरीही. त्यामुळे जिना उतरताना गुडघा एकाएकी ‘सुटतो’. नुसत्या व्यायामाने हे जात नाही, आधी सूज उतरावी लागते. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपलं की बरं वाटतं, पण रोजची सवय झाली तर गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो आणि अर्धवट वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहणं जास्त दमवतं.

मानेकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. जुन्या आमवातात मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला बंध सैल होऊ शकतो आणि मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. चाल अडखळती होणं, पाय जड होणं, शर्टाची बटणं लावताना हात अडखळणं, मान पुढे वाकवली की पाठीत वीज गेल्यासारखी झिणझिणी, लघवीवरचा ताबा जाणं, यांपैकी काही असेल तर तोलाचे व्यायाम सुरू करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. आमवाताच्या रुग्णाने सलूनमध्ये मान ‘मोडून’ घेणं, मानेला मालिश किंवा वजन लावणं, शीर्षासन, सर्वांगासन आणि हलासन हे सगळं बंद ठेवावं, मान दुखत नसली तरी.

राहिली औषधं आणि रक्त. स्टेरॉइड जास्त दिवस घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, आणि मांड्या-खुब्याचे स्नायूही अशक्त होतात. खाली बसलेलं उठवेनासं झालं तर हेही कारण असू शकतं. स्टेरॉइड एकाएकी बंद केलं तर रक्तदाब कोसळून चक्कर येऊ शकते, म्हणून डोस डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच हळूहळू कमी करायचा. ‘वातावरचं देशी औषध’ म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. पुडी घेतली की दोन दिवसांत चमत्कार आणि सोडली की हाल, असा अनुभव असेल तर ती पुडी डॉक्टरांना नेऊन दाखवा. झोपेच्या गोळ्या, दुखण्यासाठी दिली जाणारी अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि प्रीगॅबालिन, आणि रक्तदाबाच्या गोळ्या यांनी तोल जाऊ शकतो. आमवातात पंडुरोगही, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असणं, नेहमीचा आहे. पायांना मुंग्या येत असतील तर मधुमेह आणि बी-१२ तपासून घ्यावं, शाकाहारी घरात तर नक्कीच.

घरी करायची मोजणी

सोबत कुणीतरी हवं. रोजच्या चपला किंवा बूट घालूनच मोजा.

पहिली मोजणी उठून चालण्याची. हात असलेल्या खुर्चीपासून ३ मीटरवर चिकटपट्टी लावा. ‘सुरू’ म्हटल्यावर उठायचं, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे. ही मोजणी दोनदा करा, एकदा सकाळी उठल्यावर तासाभरात आणि एकदा दुपारी. दोन्ही आकड्यांत मोठा फरक असेल तर सकाळचा आखडलेपणा अजून आटोक्यात नाही, आणि तो औषधाचा प्रश्न आहे.

दुसरी, ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ती. खुर्ची भिंतीला टेकलेली, बैठक साधारण १७ इंच उंच, हात छातीवर. साठ ते चौसष्ट वयात बाईला १२ आणि पुरुषाला १४ पेक्षा कमी जमलं तर पाय अशक्त समजायचे. त्याहून लहान वयात हे आकडे लागू नाहीत, पण स्वतःचा आकडा लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

तिसरी, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, दोरीवर उभं राहिल्यासारखं, १० सेकंद. ओट्याशेजारी उभं राहूनच करावी.

उठल्यावर चक्कर येत असेल तर पाच मिनिटं आडवं पडून रक्तदाब मोजा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर गोळ्यांचा डोस किंवा वेळ बदलावी लागेल, तेही डॉक्टरांनी.

शेवटचं, चवडा दोन्ही कडांनी हलकेच दाबून बघा. सणकन दुखलं तर तिथे सूज चालू आहे. हे सांगणं फार महत्त्वाचं, कारण आमवात किती आटोक्यात आहे हे ठरवण्यासाठी सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या मोजमापात २८ सांधे तपासतात आणि त्या २८ मध्ये घोटा किंवा पाऊल येतच नाही. हात निवले, रिपोर्ट छान आला, आणि पाय मात्र सुजलेलेच, असं होऊ शकतं. तपासणीच्या खोलीत शिरतानाच मोजे काढा आणि ‘पायही बघा’ असं स्पष्ट म्हणा.

पायात काय घालायचं

घरात अनवाणी नको आणि अंगठ्याची स्लिपरही नको. मागे पट्टा नसलेली चप्पल पायात टिकवायला बोटं सारखी आवळावी लागतात, आणि वाकडी बोटं आणखी वाकडी होतात. एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराची, चप्पल बहुतेक गावांत मिळते. ती मऊ असते हे खरं, पण घेताना मागचा पट्टा असलेलीच घ्या आणि पट्टे वेल्क्रोचे असू द्या. बकल लावणं बोटांना जड जातं. सोल फार जाड आणि भुसभुशीत असेल तर जमीन कळत नाही, म्हणून उशीसारख्या बुटांच्या मोहात पडू नका. टाच अडीच सेंटिमीटरपेक्षा उंच नको.

बूट घ्यायला संध्याकाळी जा, पाय तेव्हा सर्वांत सुजलेले असतात. त्याआधी घरी कागदावर उभं राहून दोन्ही पायांचे आकार काढा, कापा आणि दुकानात तो कागद बुटात घालून बघा. कडा दुमडल्या तर तो बूट तुमचा नाही, दुकानदार ‘घालून सैल होईल’ म्हणाला तरी.

चवड्याखाली टोचत असेल तर आतल्या तळव्यावर छोटा फुगीर पॅड लावतात. इथे हमखास चूक होते: पॅड दुखतं तिथेच चिकटवला जातो आणि दुखणं वाढतं. त्याची जागा दुखऱ्या हाडाच्या मागे, टाचेच्या बाजूला आहे, म्हणजे भार हाडावर यायच्या आधीच उचलला जातो. जागा शोधायला दुखऱ्या हाडाखाली त्वचेवर ओलं कुंकू लावा, पाय बुटात घालून एकदा उभं राहा, तळव्यावर ठसा उमटेल. पॅडची पुढची कड त्या ठशाच्या किंचित मागे आली पाहिजे. पायाला संवेदना कमी असेल तर हा प्रयोग स्वतः करू नका. जखम झालेली कळत नाही.

काठी, आणि तिची मूठ

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बूट घालून सरळ उभं राहा, हात मोकळा सोडा. मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

वाकड्या मुठीची साधी काठी आमवाताच्या हाताला बाधते. सगळं वजन एका अरुंद रेषेवर येतं आणि बोटं करंगळीकडे ढकलली जातात. तळहात पूर्ण टेकेल अशी रुंद मूठ घ्या. अशा मुठी डाव्या आणि उजव्या हातासाठी वेगळ्या येतात, ते नीट बघा. मनगट फारच दुखत असेल तर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकवायची पन्हाळी असलेली कुबडी किंवा वॉकर मिळतो. दिसायला अवजड, पण भार मनगटाऐवजी हाताच्या लांबीवर पसरतो. काठीचं रबरी बूच दर महिन्याला उलटून बघा. खाचा घासल्या असतील तर बदला.

मोरी, संडास, पलंग

आधी पैसे इथे घाला. टॉवेलचा दांडा आधार नसतो. धरायचा दांडा भिंतीत अँकर फास्टनरने पक्का बसवलेला हवा, आणि टाइलमागे वीट किंवा काँक्रीट आहे याची खात्री गवंड्याने करायला हवी. रबरी चोषकाने चिकटणारे दांडे स्वस्त असतात, पण ओल्या टाइलवर कधी सुटतील सांगता येत नाही. दांड्याची जाडी साधारण ३२ ते ३८ मिलिमीटर. मूठ वळत नसेल तर त्यावर फोमची नळी चढवा. कमोडशेजारचा एक दांडा तिरका बसवून घेतला तर बोटांनी न पकडता कोपरापुढचा हात त्यावर टेकवून उठता येतं.

भारतीय पद्धतीच्या संडासात खोल बसणं आणि उठणं गुडघ्यांना नको. कमोड बसवणं लगेच शक्य नसेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते. तिच्या चारही पायांना रबर आहे का आणि ती हलत नाही ना, ते बघा. आहे तो कमोड बुटका वाटत असेल तर वर बसवायची ५ ते १५ सेंटिमीटरची उंची मिळते. बसल्यावर मांडी गुडघ्याच्या पातळीत किंवा किंचित वर असावी, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले.

आंघोळ प्लास्टिकच्या पक्क्या स्टुलावर बसून करा, बादली दुसऱ्या स्टुलावर ठेवा म्हणजे वाकायला नको. भरलेली बादली उचलायची नाही, तांब्याऐवजी दांड्याचा हलका मग घ्या. साबणाचं पाणी साचू न देता रबरी पट्टीने लगेच ओढायचं, हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाचं. दाराबाहेरचं कापडी पायपुसणं काढा आणि त्या जागी खाली रबर असलेलं टाका. आतून कडी लावू नका. ‘आत आहे’ अशी पाटी लावली की लाज राखली जाते.

जमिनीवरची गादी सोडा, पलंगाची उंचीही बैठकीसारखीच गुडघ्याबरोबर. पलंगापासून संडासापर्यंत हालचाल होताच लागणारे छोटे दिवे बसवा. वीज जाते तिथे बॅटरीवरचे. नेसती साडी घोट्याच्या दोन बोटं वर ठेवा, गाऊनची किनार दुमडून शिवून घ्या. कोकणात पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं. ते घासायला ब्लीचिंग पावडर चालते, पण जिथून रोजची ये-जा आहे तेवढाच पट्टा आधी साफ करा, सगळ्या अंगणाचा हट्ट नको.

सकाळचा पहिला तास

जाग आली की लगेच उठू नका. पडल्यापडल्या पावलं वर-खाली २० वेळा, मग एकेक गुडघा १० वेळा वाकवून सरळ. कुशीवर वळून कोपराच्या आधाराने बसा, पाय खाली सोडून दोन मिनिटं थांबा, चपला घाला, मग उभं राहा. उभं राहिल्यावर मनात दहा मोजूनच पहिलं पाऊल. दूध उतवणं, जिना, रिक्षा, घाईची सगळी कामं या तासानंतर. हे घरच्यांना एकदा समजावून सांगावं लागतं, कारण दुपारी तीच बाई भराभर चालताना दिसते आणि सकाळचं ‘नाटक’ वाटतं.

व्यायाम

वेळ आंघोळीनंतरची किंवा दुपारची. बूट घालून. जागा खोलीच्या कोपऱ्यात: पाठ कोपऱ्याकडे, पुढ्यात जड खुर्ची. तोल गेला तर तीन बाजूंनी आधार आहे. खुर्चीवर तळहात सपाट टेकवायचा, बोटांनी आवळायचं नाही.

खुर्चीवरून उठ-बस हा गाभा. जमत नसेल तर बैठकीवर कडक उशी ठेवून उंची वाढवा, पाच वेळा करा. दर आठवड्याला एक-दोन वाढवत दहापर्यंत न्या, मग दहाचे दोन फेरे, मग उशी काढा. बसताना ‘धप्प’ नको. तीन मोजत बसा, खरी ताकद तिथे येते.

मग भार सरकवणं: पाय खांद्याइतके फाकवून वजन एका पायावर, पाच सेकंद, दुसऱ्यावर. जमलं की ओट्याच्या कडेने आडवं चालणं, दहा पावलं एकीकडे, दहा दुसरीकडे. मग पाय जुळवून उभं राहणं, नंतर अर्धं पाऊल पुढे, नंतर दोरीवरची स्थिती. प्रत्येक टप्पा ३० सेकंद जमला की पुढचा. शेवटी गुंडाळलेला टॉवेल जमिनीवर ठेवून तो ओलांडणं, उंबरठ्याची ही तालीम.

टाचा उचलून चवड्यावर उभं राहणं हा व्यायाम तोलाच्या बहुतेक तक्त्यांत असतो. चवडा सुजलेला असेल तर तो वगळा किंवा बसून करा, सगळं वजन नेमकं दुखऱ्या हाडांवर येतं. डोळे मिटून उभं राहणं आणि मान झटक्याने वळवणं हेही वगळा.

आठवड्यातून तीन दिवस, २० मिनिटं. दोन-तीन महिन्यांनी फरक मोजता येतो, त्याआधी आशा सोडू नका. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांत उतरलं पाहिजे. त्याहून टिकलं तर पुढच्या वेळी निम्मं करा. सांधे फुललेले असतील त्या दिवसांत फक्त पडून मांडीचा स्नायू आवळणं, पाच सेकंद, दहा वेळा, आणि पावलं हलवणं.

हाडांची तजवीज

आमवात हाच हाड मोडण्याचा वेगळा धोका मानला जातो. तीन महिने किंवा जास्त रोज २.५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) चालू असेल तर हाडांच्या घनतेच्या डेक्सा तपासणीबद्दल विचारा. आहारातून आणि गोळीतून मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम व्हावं. हाडांसाठी अ‍ॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी दिली असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहाही नाही.

पडल्यावर

आधी हलू नका. मान नव्याने दुखत असेल, हातपाय बधिर वाटत असतील, किंवा एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल तर उठायचा प्रयत्नच नको. १०८ ला फोन. डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात जा. मोबाइल कापडी पिशवीत गळ्यात ठेवण्याची सवय इथे उपयोगी पडते.

बाकी ठीक असेल तर कुशीवर वळा, कोपर टेकून बसा. मनगटावर भार न देता ढुंगणाने सरकत जड खुर्चीपर्यंत जा. गुडघ्यांवर येता येत असेल तर खाली उशी घ्या, दोन्ही हात कोपरापासून खुर्चीच्या बैठकीवर टेकवा, चांगल्या पायाचं पाऊल पुढे रोवा आणि वर या. गुडघ्यावर येता येत नसेल तर टप्प्याटप्प्याने: कोपर खुर्चीवर टेकून आधी पाटावर, मग चौरंगावर, मग स्टुलावर बसत वर चढायचं. हे फिजिओथेरपिस्टसमोर एकदा करून ठेवा. मदतीला आलेल्याने पंजा किंवा काखेत धरून ओढू नये, खांदा आणि बोटं दोन्ही दुखावतात. त्याने खुर्ची आणावी आणि ती घट्ट धरावी.

प्रत्येक पडणं वहीत लिहा, अडखळून सावरलात तेही: तारीख, वेळ, जागा, पायात काय होतं, जाग येऊन किती वेळ झाला होता, कोणती गोळी कधी घेतली होती. चार-पाच नोंदींत नमुना दिसतो. बसल्याचे उभे राहताच पडत असाल तर रक्तदाब आणि गोळ्या बघायच्या. पहाटेचं पडणं आखडलेपणाकडे बोट दाखवतं. उंबरठ्याला ठेच लागत असेल तर पाऊल आणि चप्पल, जिना उतरताना गुडघा सुटत असेल तर त्यातलं पाणी. काहीच कारण सापडत नसेल, पाय आपोआप अडखळत असतील, तर मान.